शिवी नसलेला छळ
(क्रियापदाच्या चार अर्थांवरून एक अभ्यास)



व्याकरणाच्या तासाला आपण सगळेच थोडे पेंगतो. मीही पेंगते. पण या वर्षी क्रियापदाचे अर्थ शिकवत असताना मी एकदम जागी झाले. फळ्यावरची वाक्यं साधीच होती, पण त्यांच्या जागी मला वेगळीच वाक्यं दिसायला लागली. ती मी काही महिन्यांपूर्वी माझ्या मैत्रिणीच्या फोनवर वाचली होती आणि वाचूनही मला कळली नव्हती. हा लेख त्या चुकीबद्दल आहे. मैत्रिणीला विचारूनच लिहिते आहे. ती ओळखू येईल असं सगळं बदललं आहे आणि अंकात देण्याआधी तिने लेख वाचला आहे.

आम्ही दोघी बेळगावात एकाच गायनमंडळात गातो. नाताळच्या गाण्यांच्या सरावासाठी फोनवर एक ग्रुप झाला. ग्रुपमधल्या एका मुलाने तिथून तिचा नंबर घेतला. आधी तो सरावाची वेळ विचारायचा. मग रोज सकाळी 'गुड मॉर्निंग', दुपारी 'जेवलीस का?', रात्री 'झोपलीस का?' सुरू झालं. तिने उत्तरं देणं कमी केलं, तेव्हा 'हल्ली फार बिझी दिसतेस' असं आलं. शेवटी तिने स्पष्ट लिहिलं, "प्लीज, मला असे मेसेज करू नकोस." दोन दिवस शांततेत गेले. मग तिच्या फोटोखाली एका नव्या अकाउंटवरून कमेंट आली. ते ब्लॉक केलं, तर तिसरं अकाउंट आलं. चार महिन्यांत अशी पाच अकाउंट्स झाली.

तिने मला फोन दाखवला. मी वरवर वाचलं आणि म्हणाले, "अगं, पण यात वाईट काय आहे? एक शिवीसुद्धा नाही. ब्लॉक कर आणि सोडून दे."

ओळींच्या मधलं वाचायला शिकते असं मी चारचौघांत सांगते. समोरच्या ओळीसुद्धा मला वाचता आल्या नाहीत. त्यानंतर सहा आठवडे तिने मला काही दाखवलं नाही. मध्येच तिने गायनमंडळ सोडलं. मला वाटलं, परीक्षा जवळ आली असेल.

१. शब्दावरून ओळखू नका

आपल्या सगळ्यांची पहिली चूक इथेच होते. ऑनलाइन छळ म्हटलं की आपण शिव्या, अश्लील फोटो नाहीतर उघड धमकी शोधतो. ते असतंच. पण बराचसा छळ चांगल्या, कधी कधी तर गोड भाषेत होतो. फोन, ईमेल, गेम किंवा कुठल्याही ॲपवरून एखाद्या माणसाला घाबरवणं, लाजवणं, सतत नजरेखाली ठेवणं किंवा त्याच्या मनाविरुद्ध काही करून घेणं, हे सगळं छळात मोडतं. त्यासाठी वाईट शब्द लागतोच असं नाही.

मग ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न विचारते. 'नको' म्हटल्यावर समोरचा थांबला का? हे एकदाच घडलं की पुन्हा पुन्हा घडतंय? आणि त्यामुळे कुणी आपलं जगणं आखडतं घेतलं का, म्हणजे फोटो काढून टाकले, रस्ता बदलला, गाणं सोडलं?

भांडण आणि छळ यांतला फरकही इथेच कळतो. भांडणात दोघंही बोलतात आणि दोघांनाही उठून जाता येतं. छळात एकाला उठून जाता येत नाही, कारण दुसरा मागोमाग येतो. तुमच्या कवितेला कुणी 'फालतू' म्हटलं तर वाईट वाटेल, पण तो छळ नाही. तेच माणूस रोज तुमच्या प्रत्येक पोस्टखाली येऊन तुम्हाला लिहिणं बंद करायला लावत असेल, तर तो छळ आहे. मात्र काही गोष्टी एकदा घडल्या तरी पुरतात. खाजगी फोटो पसरवणं किंवा जिवाची धमकी देणं यासाठी दुसऱ्या वेळेची वाट बघायची नसते.

२. क्रियापदाचे चार अर्थ

क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा हेतू कळतो, त्याला 'अर्थ' म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो. ते चार आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. हेतू ओळखायचाच असेल तर हे चार खण आपल्याकडे तयारच आहेत. एकेका खणात काय सापडतं ते बघू.

स्वार्थ. इथे स्वार्थ म्हणजे मतलब नव्हे. क्रियापद फक्त आपला स्वतःचा अर्थ सांगतं, म्हणजे नुसती माहिती देतं. 'काल रात्री पावणेबाराला तू ऑनलाइन होतीस.' 'खडेबाजारात निळ्या ड्रेसमध्ये होतीस, छान दिसत होतीस.' दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्हींत काही मागितलेलं नाही. पण ज्याला 'नको' म्हणून सांगितलंय त्याच्याकडून ती आली की त्यांचा एकच अर्थ उरतो: मी बघतोय. पाळत ठेवणं ते हेच. ती अनोळखी माणूसच ठेवतो असंही नाही. जोडीदार, कधी घरातला भाऊसुद्धा लोकेशन, 'लास्ट सीन' आणि लाइक्स मोजत बसतो आणि त्याला काळजी म्हणतो.

आज्ञार्थ. 'पासवर्ड दे.' 'लोकेशन ऑन ठेव.' 'त्याला अनफॉलो कर.' 'व्हिडिओ कॉल करून दाखव कुठे आहेस ते.' आता गंमत बघा. मराठीत आज्ञा, विनंती, प्रार्थना, उपदेश या सगळ्यांना रूप एकच, आज्ञार्थाचंच. 'दे ना गं' हे लाडाने म्हटलेलं असतं आणि हुकूम म्हणूनही असतं. रूपावरून फरक कळत नाही. मग एकच कसोटी उरते. एकदा 'नाही' म्हणून बघा. विनंती असेल तर समोरचा थोडा खट्टू होईल आणि विषय संपेल. हुकूम असेल तर रुसवा, अबोला, चौकशी आणि शिक्षा सुरू होईल. प्रेमात पडलेल्या आपल्या वयाच्या मुलामुलींनी ही कसोटी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

विध्यर्थ. यात कर्तव्य, योग्यता, अपेक्षा सांगितलेली असते. 'मुलीने जरा जपून वागावं.' 'चांगल्या घरच्या मुलीने असे फोटो टाकू नयेत.' हे वाक्य एकट्याचं नसतं, त्यामागे गाव उभं असतं. म्हणून कमेंट्समध्ये झुंडीने होणारा छळ बहुतेक याच अर्थात बोलतो. वरवर सल्ला, आत 'तू बोलू नकोस'. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी लावले गेले. खरा लिलाव कुठेच नव्हता. ज्या स्त्रिया पत्रकारितेत, चळवळीत, समाजमाध्यमांवर ठामपणे बोलत होत्या, त्यांना लाजवून गप्प करणं एवढंच काम होतं. 'बुल्ली बाई' प्रकरणी मुंबई पोलिसांनी ज्यांना आरोपी म्हणून अटक केली, त्यांत १८ आणि २१ वर्षांचे विद्यार्थी होते. मीही २१ वर्षांची आहे. छळ करणारा कुणी दूरचा राक्षस असतो, ही माझी समजूत तिथेच संपली.

संकेतार्थ. यात अट असते, जर-तर असतं. तीन वाक्यं बघा. 'भेटायला आली नाहीस तर स्क्रीनशॉट तुझ्या घरी पाठवीन.' 'तू नीट बोलली असतीस तर मी असं केलंच नसतं.' 'तू मला ब्लॉक केलंस तर मी जिवाचं काहीतरी करून घेईन.' आमचे सर म्हणतील की रूपाने बघितलं तर दुसरंच वाक्य खरं संकेतार्थी. कबूल. पण अट तिन्हींत आहे. पहिलं धमकी देतं, दुसरं दोष तुमच्यावर ढकलतं आणि तिसरं तुम्हाला दावणीला बांधतं. तिसऱ्या वाक्याने चांगली चांगली माणसं अडकतात, कारण त्यांना दया येते. असं वाक्य आलं तर त्या माणसाच्या घरच्यांना किंवा पोलिसांना लगेच कळवावं. त्याचा जीव वाचवणं महत्त्वाचंच आहे, पण त्यासाठी तुम्ही त्याच्या ताब्यात राहायला पाहिजे असं नाही.

या खणात मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात, हे मुद्दाम सांगते. अनोळखी मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, गोड गप्पा होतात, व्हिडिओ कॉल येतो, कॉल रेकॉर्ड होतो. मग 'पैसे पाठवले नाहीस तर हा व्हिडिओ तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना जाईल.' पैसे दिले म्हणून हे संपत नाही. दिल्यावर कळतं की हा माणूस देतो, आणि रक्कम वाढते. मुलगे हे कुणाला सांगत नाहीत, कारण 'मुलगा असून फसलास?' हे ऐकावं लागेल याची त्यांना भीती असते. ती भीतीच समोरच्याचं भांडवल असतं.

३. हरवलेला कर्ता

आता एक वाक्य आपलं, म्हणजे बघणाऱ्यांचं. 'तिचे फोटो व्हायरल झाले.' या वाक्यात कर्ता कोण? व्याकरणाने उत्तर द्यायचं तर 'फोटो'. जणू फोटो आपणहून उठले, चपला घातल्या आणि गावभर हिंडून आले! ज्या माणसाने बोटाने 'सेंड' दाबलं तो वाक्यात कुठेच नाही. आणि कर्ता अखेर सापडतो तेव्हा काय सापडतं? 'पण तिनेच आधी पाठवले होते ना?' म्हणजे कर्ता आला, पण चुकीचा आला.

विश्वासाने एकाला फोटो देणं आणि तो शंभर जणांत वाटणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांचे कर्ते वेगळे आहेत. एका क्रियेची संमती दुसरीची होत नाही. म्हणून पुढच्या वेळी हे वाक्य तोंडात आलं की ते बदलून म्हणा: 'त्याने तिचे फोटो तिला न विचारता पसरवले.' वाक्य थोडं लांबतं, पण खरं होतं. आणि फोटो पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या वाक्याचा कर्ता होतो, हेही विसरू नये. 'मला फक्त आला होता, मी फक्त पुढे पाठवला' यातला 'पाठवला' कुणाचा?

४. कायदा कसं वाचतो

शब्दावरून छळ ओळखायचा प्रयत्न कायद्यानेही करून पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम होतं. 'अत्यंत अपमानकारक' किंवा त्रासदायक संदेश पाठवणं त्याने गुन्हा ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्या पोस्टने कुणाला घाबरवलं नव्हतं की कुणाचा पाठलाग केला नव्हता. लोकांना शब्द खटकले, एवढंच. पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. खटकणारा शब्द हा निकष धरला की निरपराध सापडतात आणि गोड बोलून छळणारे सुटतात.

उलट, पाठलागाचं कलम नीट वाचा. २०१३ च्या दुरुस्तीने ते भारतीय दंड संहितेत ३५४ड म्हणून आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवूनही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट, ईमेल अशा वापरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या कलमात शिवीची अट कुठेही नाही. 'वारंवार' आणि 'नापसंती दाखवूनही' हेच त्याचे मोलाचे शब्द आहेत. म्हणजे 'जेवलीस का?' हा प्रश्नसुद्धा गुन्ह्याचा भाग होऊ शकतो.

हे कलम फक्त स्त्रीला संरक्षण देतं, ही त्याची मर्यादा. पण धमकी (कलम ३५१) आणि खंडणी (कलम ३०८) यांत स्त्री-पुरुष भेद नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं वा पसरवणं (६६ई), दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणं (६६क) आणि अश्लील मजकूर प्रसारित करणं (६७) यांनाही शिक्षा आहे.

५. मग करायचं काय?

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. मी मैत्रिणीला नेमकं उलटं सांगितलं होतं. रागाने किंवा लाजेने चॅट पुसू नका. तारीख, वेळ, अकाउंटचं नाव आणि लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि एका विश्वासू माणसाकडे त्यांची प्रत ठेवा.

एकदा, स्पष्ट, लेखी 'नको'. 'बिझी आहे', 'नंतर बोलू' यातून नापसंती सिद्ध होत नाही. पण समोरच्याची भीती वाटत असेल तर हेही करायची सक्ती नाही, थेट मदत मागा.

खाजगी फोटोंसाठी. 'स्टॉप एनसीआयआय' ही विनामूल्य सोय आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त आकड्यांतला ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो अडवतात. फोटो १८ वर्षांखालच्या वयातला असेल तर 'टेक इट डाऊन' ही तशीच सोय आहे.

तक्रार. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. तातडीच्या धोक्यात ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणी आहेत. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कुठल्याही ठाण्यात 'झीरो एफआयआर' नोंदवता येतो. गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

कॉलेज. छळणारा कॉलेजातला असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं. ही समिती यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी.

आणि ज्याला सांगितलं जातं त्याच्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी. 'शिवी तर नाही ना?' असं विचारू नका. 'सगळं एकदम दाखवशील का, पहिल्यापासून?' असं विचारा.

सहा आठवड्यांनी, व्याकरणाच्या त्या तासानंतर, मी तिच्या घरी गेले आणि हाच प्रश्न विचारला. आधी माफी मागितली, मग विचारलं. तोवर तिने एका ॲपवर एकच कमेंट रिपोर्ट करून पाहिली होती. 'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर आलं होतं. ते चूक म्हणता येत नव्हतं, कारण तो फॉर्म एकाच मेसेजबद्दल विचारतो. छळ एका मेसेजमध्ये नव्हता, सगळ्यांच्या बेरजेत होता. ती बेरीज आम्ही दोघींनी केली. तिच्या आईने चहा केला आणि आम्ही एका शंभरपानी वहीत तारीख, वेळ, अकाउंट आणि वाक्य असे चार रकाने आखून सगळं उतरवून काढलं. वहीची एकवीस पानं भरली. सुटे मेसेज वाचून मी 'यात काय आहे?' म्हणाले होते. एकवीस पानं सलग वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

ती वही घेऊन ती आईबरोबर पोलीस ठाण्यात गेली. तक्रार लिहून घेतली गेली. तेव्हापासून सहावं अकाउंट आलेलं नाही. गेल्या महिन्यात ती सरावाला परत आली. अजून दाराजवळच्या खुर्चीवर बसते, पण गाते.

स्वाध्याय

खालील वाक्यांतील क्रियापदाचा अर्थ ओळखा. वाक्य कोणत्या परिस्थितीत साधं असेल आणि कोणत्या परिस्थितीत छळ, ते लिहा.

१. तुझ्या आईचा नंबर माझ्याकडे आहे.
२. एवढं तरी कर माझ्यासाठी.
३. मुलीने रात्री ऑनलाइन राहू नये.
४. तू उत्तर दिलं असतंस तर मला दुसरं अकाउंट काढावं लागलं नसतं.
५. त्याचा व्हिडिओ लीक झाला. (कर्ता शोधा आणि वाक्य पुन्हा लिहा.)